शब्दचर्चा : 'गॉथ' हे नाम की विशेषण? आणि 'लेबल'ला मराठीत काय म्हणावं?

काजबटण (सोलापूर)

माझं गणवेश शिवण्याचं छोटं युनिट आहे. शाळांचा सीझन उरकला की बाहेरच्या ऑर्डरी घेते. सध्या भाचीचं काम चालू आहे आणि ते सगळं काळं आहे, पोरी ज्याला 'गॉथ' फॅशन म्हणतात तसलं. घेरदार झगा, बाह्यांच्या टोकाला लेस, पाठीला आयलेट मारून त्यातून ओवलेली नाडी. तिला वेल्वेट हवं होतं. मी मलमलवर आणलं, कारण इथं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो आणि झगा गॉथ असला तरी घाम सोलापुरीच येतो.

आता मुद्दा. भाची म्हणते, "मावशी, कपडे गॉथ आहेत, मी गॉथ नाही." तिची मैत्रीण म्हणते, "ती गॉथच आहे, फक्त कबूल करत नाही." दोघी माझ्या कटिंग टेबलाशी बसून तासभर यावर भांडल्या. मला त्यात दोन शंका आल्या. एक, हा शब्द माणसाला लावायचा की कपड्याला? दुसरी, भाचीचं पालुपद असं की "मला लेबल नको, ही माझी पर्सनल स्टाईल आहे." हे वाक्य मराठीत कसं म्हणायचं? आमच्या धंद्यात लेबल म्हणजे कॉलरच्या आत शिवायची पट्टी, साइजची वेगळी आणि कंपनीची वेगळी. 'शैली' सुचवून पाहिलं तर म्हणाली, "मी काय निबंध लिहितेय का?"

आगाऊ

काळकपडी. विषय संपला.

तळटीप

विषय इतक्या लवकर संपवू नका. आधी शब्द कुठून आला ते बघू, कारण त्यातच निम्मं उत्तर आहे.

गॉथ ही मुळात जर्मानिक टोळी. त्यांतल्या व्हिसिगॉथांनी अलॅरिकच्या नेतृत्वाखाली इ. स. ४१० मध्ये रोम लुटलं. तेव्हापासून हे नाव रानटीपणाशी चिकटलं. पुढे हजारभर वर्षांनी, प्रबोधनकाळातल्या इटालियन पंडितांना मध्ययुगीन चर्चच्या टोकदार कमानी आणि उंच सुळके आवडेनात, म्हणून त्यांनी ती बांधणी गॉथांच्या नावावर खपवली. सोळाव्या शतकातल्या व्हझारी या इटालियन चित्रकार-लेखकाने तर तिला यथेच्छ झोडपलं आहे. त्या बांधणीचा गॉथांशी काडीचा संबंध नव्हता. ती बाराव्या शतकात पॅरिसजवळच्या सँ-दनीच्या मठात, सुझे नावाच्या मठाधिपतीच्या देखरेखीखाली आकाराला आली. म्हणजे 'गॉथिक' ही चक्क शिवी होती, आणि ज्यांना दिली त्यांनी ती ऐकलीही नाही. ते केव्हाच मरून गेले होते.

शिवीचं कौतुक कधी झालं? अठराव्या शतकात. होरेस वॉलपोलने १७६४ मध्ये पडका किल्ला, शाप आणि भुतं असलेली कादंबरी छापली आणि पुढच्या वर्षीच्या आवृत्तीवर स्वतःच 'गॉथिक कथा' असं लिहिलं. एकोणिसाव्या शतकात तीच शैली प्रतिष्ठेची झाली. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस आपण व्हिक्टोरियन गॉथिक म्हणून अभिमानाने दाखवतो. सोलापूरहून रात्रीची गाडी पकडणारे सकाळी त्याच कमानींखाली डोळे चोळत उतरतात.

तेव्हा वापराचा भेद असा ठेवावा : इमारत गॉथिक, कादंबरी गॉथिक, टोळी गॉथ. आणि आपल्या भाचीबाई ज्यात मोडतात किंवा मोडत नाहीत, तेही गॉथ. 'गोथ' लिहू नका, अर्धचंद्र हवा.

खर्ज

तळटीप, तुम्ही नेमकं महत्त्वाचं घर वगळलंत. चर्च आणि कादंबरीवरून उडी मारून थेट झग्यावर कसे आलात? मध्ये संगीत आहे. ज्यांना आज जगभर गॉथ म्हणतात ते कपड्यांमुळे नाही, गाण्यांमुळे.

१९७० च्या दशकाच्या शेवटी इंग्लंडात पंक हे बंडखोर रॉक संगीत ओसरत होतं. त्यातून काही बँड अंधाऱ्या, संथ, खर्जातल्या आवाजाकडे वळले. बाउहाउसचं १९७९ मधलं पहिलंच गाणं नऊ मिनिटांहून लांब होतं आणि पडद्यावर ड्रॅक्युला झालेल्या बेला लुगोसी या नटावर होतं. सूझी अँड द बॅनशीज, द क्युअर, लीड्सचे द सिस्टर्स ऑफ मर्सी हे त्याच काळातले. १९८२ मध्ये लंडनच्या सोहो भागात बॅटकेव्ह नावाचा क्लब सुरू झाला आणि पिंजारलेले केस, पांढराफटक चेहरा, जाळीचे मोजे ही वेशभूषा तिथून रुळली. म्हणून जुनेजाणते आजही सांगतात : गाणी ऐकत नसाल तर तुम्ही गॉथ नाही, तुम्ही फक्त काळे कपडे घातलेत.

गंमत अशी की ज्यांच्यामुळे हा शब्द रूढ झाला त्यांतल्या बऱ्याच जणांनी तो अंगाला लावून घेतला नाही. सिस्टर्स ऑफ मर्सीचा अँड्र्यू एल्ड्रिच तर या शब्दाला कायम झुरळासारखा झटकत आला आहे. तेव्हा "मी गॉथ नाही" म्हणणारी तुमची भाची परंपरेला धरूनच वागते आहे.

आगाऊ

काळकपडी नको असेल तर कृष्णवस्त्रा घ्या. संस्कृत आहे, सरकारी परिपत्रकातही चालेल.

काजबटण

अहो, पण नुसत्या काळ्यावरून नाव कसं पडेल? संक्रांतीला आमचं निम्मं गाव काळ्यात असतं. चंद्रकळा नेसलेल्या बायका हळदीकुंकवाला निघतात. त्याच दिवसांत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते आणि नंदीध्वज पेलणारे पांढऱ्याशुभ्र बाराबंदीत असतात. रस्त्यात काळं-पांढरं असं दिसतं की बघत राहावं. त्यांतल्या एकाही बाईला कुणी गॉथ म्हणणार नाही. वकीलही काळा कोट घालतात.

मला एक जाऊबाई म्हणाल्या, "सुतकी कपडे म्हण की सरळ." हे कसं वाटतं?

तळटीप

साफ चुकीचं. आपल्याकडे सुतकाचा रंग पांढरा. काळं हे अशुभ असतं, पण शोकाचं नसतं. हा फरक पाळायला हवा. काळा शोक युरोपातला आहे. व्हिक्टोरिया राणीचा नवरा १८६१ मध्ये गेला आणि तिने पुढची चाळीस वर्षं, स्वतः मरेपर्यंत, काळं सोडलं नाही. तिच्यामागून सगळ्या इंग्लंडात शोकाच्या पोशाखाचे कडक नियम झाले आणि व्हिटबी गावच्या जेटच्या दागिन्यांना भाव आला. जेट म्हणजे जीवाश्म झालेलं काळं लाकूड. त्याच व्हिटबीत आज गॉथ मंडळींचा मेळा भरतो. गॉथ पेहरावातला शोक हा असा उसना आहे, व्हिक्टोरियन काळातून घेतलेला. 'सुतकी' म्हटलं की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पांढरा पंचा येतो. चेहरा सुतकी असू शकतो, झगा नाही.

वटवाघूळ (सोलापूर)

नमस्कार. मीच ती भाची. मावशीने दुवा पाठवला आणि "बघ, तुझ्यावर किती शहाणी माणसं वेळ घालवायलीत" असं म्हणाली.

नवी पेठेतून जाताना मला 'गॉथ' असं कुणीही म्हणत नाही. म्हणतात, "काय गं, आज अमावस्या का?" शेजारच्या आजी "काय हा अवतार!" म्हणतात. तो शब्द मला सगळ्यात जास्त आवडतो, पण त्या रागाने म्हणतात. वर्गातला एक जण "शनिवारी मारुतीला चाललीस की शनीला?" असं विचारतो. सांगायचं इतकंच की लेबलं फुकट मिळतात, मागावी लागत नाहीत.

आता 'मी गॉथ आहे' असं का म्हणत नाही ते सांगते. तसं म्हटलं की लगेच तोंडी परीक्षा. पाच बँडची नावं सांग. कोणती गॉथ? ट्रॅड, रोमँटिक, सायबर? हे डेथरॉक आहे, गॉथ नव्हे. जपानी गॉथिक लोलिता वेगळी, तिच्यात घेर असा नसतो. नव्यांना लाडाने 'बेबी बॅट' म्हणतात इथपर्यंत ठीक, म्हणून तर मी हे नाव घेतलं. पण पुढच्याच वाक्याला 'पोझर' येतो, म्हणजे नुसता देखावा करणारी. मी सूझी ऐकते, क्युअर ऐकते आणि सिद्धरामाच्या वचनांची आजीची कॅसेटही ऐकते. माझा कॉर्सेट काळ्या खणाचा आहे, काठ लाल. पायात आजीची जोडवी, बोटात नव्हे, बुटाच्या नाडीत ओवलेली. हे कुठल्या खान्यात बसवणार?

'माझे कपडे गॉथ आहेत' असं म्हटलं की परीक्षा होत नाही. कपडे तोंडी उत्तरं देत नाहीत ना.

मैत्रिणीचं म्हणणं उलट आहे, तेही सांगते, नाहीतर ती चिडेल. ती म्हणते, विशेषण म्हणजे पळवाट. संध्याकाळी झगा काढला की विशेषण खुंटीला. नाम घेतलं तर ते घेऊन झोपावं लागतं.

तळटीप

तुमच्या मैत्रिणीला व्याकरण उत्तम कळतं.

खर्ज

वटवाघूळ, परीक्षेचा जाच मलाही मान्य आहे, पण परीक्षक सगळे दुष्ट नसतात. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. बाहेरगावच्या स्वस्त मालावर 'सोलापुरी' लिहून कुणी विकला की तुम्ही गप्प बसता का? ज्यांनी वर्षानुवर्षं टोमणे खात हे संगीत जपलं, त्यांना दर ऑक्टोबरला हॅलोविनच्या निमित्ताने दुकानात लागणारी 'गॉथ' नावाची टी-शर्टं बघून तसंच होतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. ऑगस्ट २००७ मध्ये इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या बेकप गावी सोफी लँकेस्टर ही वीस वर्षांची मुलगी आणि तिचा मित्र बागेतून चालले होते. दोघांचा पेहराव गॉथ. पोरांच्या टोळक्याने मित्राला मारायला सुरुवात केली. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला वाचवायला बसली, तर तिलाही लाथांनी तुडवलं. मित्र वाचला, ती गेली. शिक्षा सुनावताना न्यायाधीशांनी तो द्वेषातून झालेला गुन्हा मानला. २०१३ मध्ये ग्रेटर मँचेस्टरच्या पोलिसांनी गॉथ, पंक वगैरे उपसंस्कृतींतल्या लोकांवरचे हल्ले द्वेषमूलक गुन्हे म्हणून नोंदवायला सुरुवात केली.

हे इथे आणलं कारण नोंदवहीत 'वैयक्तिक शैली' असा रकाना करता येत नाही. तिथे नाव लागतं. मारणाऱ्यांनी त्या दोघांना "तुम्ही स्वतःला काय म्हणवता?" असं विचारलं नव्हतं.

वटवाघूळ

हे मला माहीत होतं, तरी पुन्हा वाचून पोटात कालवलं. मान्य. पोलिसात जायची वेळ आली तर मी गॉथ आहे, ठळक अक्षरांत.

चादरीचं मात्र मान्य नाही. चादर सोलापुरी आहे की नाही हे चादरीला कुणी विचारत नाही. मला विचारा.

तळटीप

आता 'लेबल'कडे. मराठीत याला एकच शब्द नाही, आणि ते बरंच आहे. 'शिक्का' दुसरा मारतो : "तिच्यावर गॉथ म्हणून शिक्का बसला." 'बिल्ला' आपण लावतो, छातीवर, दिसेल असा : "ती गॉथपणाचा बिल्ला मिरवते." भाची आणि मैत्रीण भांडताहेत ते यावरच. भाचीला वाटतं हा शिक्का आहे, मैत्रिणीच्या दृष्टीने बिल्ला. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द असल्यामुळे तासभर गेला. 'छाप' तिसरा, पण तो मालाला लागतो आणि माणसाला लावला की तुच्छतेचा होतो : "गॉथछाप पोरं." तो टाळावा.

'पोझर'ला 'सोंगाड्या' घेऊ नये. सोंगाड्या हा तमाशातला मानाचा कलावंत आहे, त्याला उगाच यात ओढू नका. 'बेगडी' चालेल.

'पर्सनल स्टाईल'साठी 'ढब' घ्यावी असं माझं मत. "ही माझी ढब आहे." बोलण्याची, चालण्याची, नेसण्याची, सगळ्याची ढब असते. 'धाटणी'ही चांगला शब्द, पण तो लिखाणाकडे झुकतो. 'बाज' गाण्याकडे.

वटवाघूळ

ढब म्हटलं की मला पाठ वाकवून चालणारी बाई दिसते. आम्ही 'पॅटर्न' म्हणतो. "हिचा पॅटर्नच वेगळाय बे."

तळटीप

पॅटर्न इंग्रजी आहे.

काजबटण

इंग्रजी असेल, पण आता आमचा आहे. लातूर पॅटर्न काय लंडनहून आला? शिवाय आमच्या धंद्यात पॅटर्न म्हणजे कागदावर कापून ठेवलेला साचा, ज्यावरून शंभर गणवेश एकसारखे निघतात. आणि पोरं म्हणतात 'पॅटर्न वेगळा', म्हणजे ज्याच्यासारखा दुसरा निघत नाही तो. एकाच शब्दाचे दोन उलटे अर्थ एकाच खोलीत नांदताहेत. मला तरी हा पसंत आहे. ऑर्डर बुकात मी 'झगा, काळा, पॅटर्न गॉथ' असं लिहिलंय. कारागिराला समजलं, भाचीने हरकत घेतली नाही. शिलाई अजून दिलेली नाही, ते वेगळं.

खर्ज

'पॅटर्न गॉथ'मध्ये विशेषण नामामागे गेलंय. चालतं का?

तळटीप

ऑर्डर बुकात सगळं चालतं.

मूळ प्रश्नाचं एक उत्तर राहिलं, नाम की विशेषण. सामान्यरूप करून बघा, लगेच कळतं. टोळीबद्दल आपण बेधडक लिहितो : गॉथांनी, गॉथांचा, गॉथांना. शब्द पुरता मराठी नाम झाला आहे. आजच्या मंडळींबद्दल मात्र कुणी 'गॉथांना' म्हणत नाही. 'गॉथ लोकांना', 'गॉथ मुलींचा' असंच तोंडात येतं. म्हणजे मराठीत तो अजून विशेषणच आहे, पुढे 'लोक' किंवा 'मुली' जोडल्याशिवाय उभा राहत नाही. भाचीचा वापर आजच्या मराठीला धरून आहे. मैत्रिणीचा वापर उद्या रूढ होऊ शकतो, तिच्यासारख्या पुरेशा जणी झाल्या तर.

वटवाघूळ

मैत्रीण शेजारी बसून वाचतेय. ती म्हणते, सामान्यरूपाचीच अडचण असेल तर "गॉथांनी नवी पेठ लुटली" हे वाक्य ती शनिवारी खरं करून दाखवेल. लेसवर सूट लागली आहे.