अर्ध्या मैलाचा मातीचा ट्रॅक: पुढचं उजवं चाकच का जायचं?

चाकोरी
नॅसकारच्या (अमेरिकेतल्या मोटार शर्यती भरवणारी संघटना) पहिल्या वीसेक वर्षांतल्या छोट्या ट्रॅकच्या शर्यतींबद्दल वाचतोय. गाडी बाद होण्याच्या कारणांत ‘पुढचं उजवं चाक’ सारखं येतं. वेग तर फार नसायचा, मग हेच चाक का? दुसरं, १९४९ च्या शार्लटच्या शर्यतीत ग्लेन डनअवेची फोर्ड पहिली येऊनही मागच्या पाट्यांमुळे (स्प्रिंगच्या) बाद ठरली. त्या पाट्यांचा नेमका फायदा काय? आणि दोनशे फेऱ्या मोजायचे कसे?

हबनट
वेगाचा प्रश्नच नाही, वळणांचा आहे. गाड्या घड्याळाच्या उलट दिशेने धावतात, म्हणजे प्रत्येक वळण डावं. वळताना वजन उजवीकडे जातं आणि ब्रेक दाबला की पुढे येतं. वळणात शिरताना दोन्ही एकदमच होतं, त्यामुळे सगळा भार पुढच्या उजव्या कोपऱ्यावर. अर्ध्या मैलाच्या २०० फेऱ्या म्हणजे १०० मैल. दोन टोकांची वळणं धरली तर ४०० वेळा हा मार.

टायरच्या आधी बरेचदा चाकाची ताटलीच हार मानायची. रस्त्यावरच्या गाडीचं चाक दाबून घडवलेल्या पत्र्याचं असतं. नट बसतात त्या भोकांभोवती बारीक चिरा पडतात, भोकं रुंदावतात आणि शेवटी नट पत्र्यातून आरपार निसटतात. ‘स्ट्रिक्टली स्टॉक’ (कारखान्यातून आली तशीच गाडी) गटात जवळपास काहीच बदलता येत नसे, तरी या एका चाकाला पोलादी प्लेट जोडायची मुभा होती, ती याचसाठी. नुसते नट आवळून भागत नाही. चाक उतरवून, माती आणि रंग खरवडून भोकांच्या कडा पाहाव्या लागतात. ड्रम ब्रेक तापला की बेअरिंगचं ग्रीस पातळ होऊन बाहेर येतं, तेही तेव्हाच बघायचं.

कमानपाटा
पाट्यांबद्दल. डनअवेची १९४७ ची फोर्ड चोरट्या दारूच्या वाहतुकीतली होती. डिकी भरली तरी मागचा भाग खाली बसू नये म्हणून मागचे पाटे कडक केलेले. शर्यतीत डिकी रिकामी, पण पाटे तसेच कडक. त्यामुळे वळणात बॉडी उजवीकडे कमी कलते आणि गाडी चालकाच्या हातात राहते. तपासणीत हे सापडलं आणि विजय लिंकन चालवणाऱ्या जिम रोपरला मिळाला. फोर्डचे मालक ह्युबर्ट वेस्टमोरलँड कोर्टात गेले, निकाल नॅसकारच्या बाजूने लागला. माझ्या मते या खेळातला हा सर्वांत महत्त्वाचा निर्णय: ‘स्टॉक’ शब्दाला त्या गटाच्या पहिल्याच शर्यतीत वजन आलं.

हडसन हॉर्नेट या गाडीने तोच फायदा नियमात राहून मिळवला. तिचा तळ चॅसिसच्या पट्ट्यांच्या मध्ये खाली बसवलेला, त्यामुळे गुरुत्वमध्य खाली. १९५१ ते १९५४ या काळात ती एवढी जिंकली त्यात ३०८ घनइंचाच्या सहा सिलिंडर इंजिनाइतकाच या ठेवणीचा वाटा आहे.

पुढे स्प्रिंगवर स्क्रू आले. मागचा डावा स्क्रू आवळला की मागच्या डाव्या आणि पुढच्या उजव्या चाकावरचं वजन वाढतं. मागचा भाग निसटत असेल तर थांबतो. अडचण अशी की भार पुन्हा त्याच पुढच्या उजव्या टायरवर येतो. जास्त आवळलं की गाडी वळायलाच नकार देते आणि टायर झिजतो.

ओलीमाती
वरच्या दोघांनी ट्रॅक धरलेला नाही. मातीचा ट्रॅक शर्यतीभर बदलत जातो. पाणी आणि धूळ दाबायला कॅल्शियम क्लोराइड टाकलेलं असतं, म्हणून सुरुवातीला पकड भरपूर. पण चिखल उडून रेडिएटर बुजतो, पुढे जाळी हवीच. मग माती वाळते, एक पट्टा घासून काळा-गुळगुळीत होतो आणि सुटी माती वळणाच्या बाहेरच्या बाजूला साठते. याच सुमारास वळणाच्या तोंडाशी खड्डे पडतात. आधीच चिरलेलं चाक तिथे सुटतं. मुरलेले चालक ब्रेकऐवजी गाडी लवकर आडवी करून, मागची चाकं घसरवत वेग कमी करत.

मार्टिन्सव्हिलच्या ट्रॅकवर १९५५ मध्ये डांबर पडलं तेव्हा खड्डे गेले आणि ब्रेकची डोकेदुखी सुरू झाली: लांब सरळ पट्टा, लगेच आखूड वळण, ड्रमला थंड व्हायला वेळच नाही.

फेरीलेखक
मोजणी हाताने. प्रत्येक गाडीमागे एक माणूस, त्याच्याकडे कार्ड. गाडी रेषेवरून गेली की घड्याळातली वेळ लिहायची. छोट्या ट्रॅकवर आघाडीवाले सतत मागच्यांना फेरीने गाठतात, त्यामुळे नुसतं बघून क्रम कळत नाही आणि एक नोंद हुकली की निकाल फिरतो. वाद झाला तर सगळी कार्डं जुळवत बसायचं. जून १९५९ मध्ये लेकवूडच्या ट्रॅकवर रिचर्ड पेटी या चालकाला विजयी घोषित केलं होतं. त्याचे वडील ली पेटी यांनीच हरकत घेतली आणि तपासणीनंतर विजय लींना मिळाला. तो ट्रॅक एक मैलाचा. अर्ध्या मैलावर तेवढ्याच अंतरात नोंदी दुप्पट.