पाळणाघरातला 'मून': खलनायक की चुकीची सेटिंग?

रात्रपाळी
'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज: सिक्युरिटी ब्रीच' (डिसेंबर २०२१) हा गेम न खेळलेल्यांसाठी थोडक्यात: रात्री बंद झालेल्या मॉलमध्ये ग्रेगरी नावाचा पोरगा अडकलाय. तिथल्या पाळणाघरात मुलं सांभाळणारा यंत्रमानव आहे. दिवे चालू असले की तो 'सन': डोक्याभोवती किरणं, तोंडाची टकळी अखंड चालू. दिवे गेले की तोच 'मून': टोपी, लाल डोळे, आणि 'झोपायची वेळ टळली' म्हणून पाठलाग.

माझ्या मते मून खलनायक नाहीच. पाळणाघरात दुपारी दिवे मालवून मुलांना झोपवतात, ही त्याचीच सोय दिसते. अंधारात जागं असलेलं पोर म्हणजे नियम मोडणारं पोर. दोष असेल तर स्वभाव दिव्याच्या बटणाला जोडणाऱ्या माणसाचा. उद्या फ्यूज उडाला तर?

फणसाचा गरा
साफ असहमत. मग मॉलमधले बाकीचे यंत्रमानव, रॉक्सी, माँटी, चिका, का मागे लागतात? त्यांना कुठे दिव्याचं बटण आहे? त्या रात्री सगळेच बिघडवले गेलेत. ग्रेगरीला मदत करणारा यंत्रमानव फ्रेडी तेवढा वाचला, कारण तो सेफ मोडमध्ये, म्हणजे सुरक्षित अवस्थेत, होता. मूनही बिघाडाच्या त्याच साथीतला. त्याला बिचारा ठरवू नका.

रात्रपाळी
साथ असेल तर सन कसा वाचला? दिवे बंद करू नकोस म्हणून गयावया करतो तो. आपलं काय होणार ते त्याला ठाऊक आहे, मला भीती वाटते ती त्याचीच.

दोन पोरांची आई
मला तर सनच नकोसा वाटतो. खेळायच्या जागेतून बाहेर पडलं की धरून परत आणतो. पाच जनरेटर चालू करून दिवे आणावेत, तर 'नियम मोडलास' म्हणून हाकलून देतो! मून निदान उघड शत्रू. आमच्या आज्या 'झोप, नाहीतर बागुलबुवा येईल' म्हणायच्या, पण बागुलबुवाला मुलांच्या खोलीत नोकरी दिली नव्हती कुणी.

फणसाचा गरा
रात्रपाळी, याच गेमच्या २०२३च्या 'रुइन' या जोडभागात कॅसी नावाची मुलगी पाळणाघरातल्या त्या यंत्रमानवाला रीबूट करते आणि 'एक्लिप्स' निघतो, एकदम मवाळ. म्हणजे बिघाड वरून आलेला होता.

रात्रपाळी
की दोन मोड वेगळे ठेवायची गरजच नव्हती? एक्लिप्स अंधारातही नीट वागतो. हे आधी का नाही केलं?

दोन पोरांची आई
आणखी एक. सन, मून आणि ग्रेगरीला जपणारा फ्रेडी, तिघांना आवाज केलन गॉफचाच. जपणारा आणि पाठलाग करणारा एकाच गळ्यातून बोलतात. मून मला लेखनापेक्षा आवाजामुळे लक्षात राहिला, जनरेटरचा चक्रव्यूह मात्र निव्वळ कटकट.

फणसाचा गरा
चक्रव्यूहाबद्दल मान्य. मूनबद्दल नाही. दर तासाला दिवे गेले की चार्जिंगच्या खोलीत पळावं लागतं ते त्याच्याचमुळे. सेटिंग चुकलेला म्हणे!