नऊवारी शिवून घ्यावी की नेसायला शिकावं?

वसुधा: लग्नसराई आली की आजीची नऊवारी शिंप्याकडे जाते आणि पायजम्यासारखी नाडी लावून परत येते. मला हे बघवत नाही. नऊ वार म्हणजे जवळपास सव्वाआठ मीटर अखंड कापड, आणि ते एका गाठीवर उभं राहतं. त्याला मापच नसतं, म्हणून तेच लुगडं सासूला होतं, सुनेलाही होतं, बाळंतपणाआधी आणि नंतरही होतं. विरलं की गोधडीत जातं. इरकलीत तर अंगाचे सुती धागे आणि पदराचे रेशमी धागे फासे घालून जोडलेले असतात, त्यामुळे दर साडीचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा लावावा लागतो. त्यावर कात्री चालवायची?

केतकी: मी ढोलपथकात वाजवते. कमरेला ढोल बांधून तासन्‌तास चालायचं, त्यात साडी सुटेल ही धास्ती कोण घेणार? शिवलेली मिळायला लागली म्हणून आमच्या वयाच्या मुली नऊवारीकडे वळल्या. नाहीतर ती फोटोतच उरली असती.

जयंत: वसुधाताई, शिवणं हा परंपरेचा भंग मानला तर पाचवारीचं काय? आज जिला आपण सरसकट 'साडी नेसणं' म्हणतो, ती पद्धत घडवण्यात रवींद्रनाथ टागोरांच्या वहिनी ज्ञानदानंदिनी देवींचा मोठा वाटा आहे. त्या १८६० च्या दशकात मुंबईत राहिल्या, पारशी बायकांचं नेसणं त्यांनी पाहिलं आणि त्यात बदल करून ते बंगालात नेलं. आपल्याकडे गोल साडी आली तेव्हा कासोटा नाही म्हणून ती सोवळ्याला चालत नसे. दुसरं म्हणजे नऊवारीची सगळी आठवण गोड नाही. केशवपन केलेल्या विधवेला जे लाल आलवण गुंडाळावं लागे, तेही लुगडंच होतं. ते विसरून नुसता अभिमान मला पटत नाही.

वसुधा: आलवणाचं दुःख खरं आहे आणि ते सांगितलंच पाहिजे. पण तो जुलूम माणसांनी केला, कापडाने नाही. पाचवारीचं म्हणाल, तर ज्ञानदानंदिनी देवींनी नेसणं बदललं, साडी कापली नाही. शेतात गुडघ्यापर्यंत खोचलेलं, ब्राह्मणी घरात घोट्यापर्यंत आलेलं, कोळणीचं आणखी निराळं, हे सगळं त्याच अखंड कापडातून झालं. शिवलं की एकच आकार उरतो, तोही एकाच कमरेचा.

रोहिणी: माझ्या आईने भातलावणीच्या दिवसांत ओला काष्टा दिवसभर अंगावर वागवला. मांड्या सोलून निघायच्या. घरात गाऊन आला तेव्हा तिला पहिल्यांदा मोकळं वाटलं. ज्यांना नऊवारी रोज नेसावी लागली नाही, त्यांनी ती इतरांवर घालू नये.

वसुधा: रोहिणी, सक्ती कुणावरच नको. माझं मागणं एवढंच, शिवायचीच तर नवी साडी घ्या, आजीच्या जुन्या इरकलीला हात लावू नका.

केतकी: हे मात्र मान्य. पण मग शिकवा तरी कुणीतरी! माझा काष्टा दर वेळी मागून सैल पडतो.

वसुधा: बहुतेक कमरेची पहिली गाठ ढिली राहते. ती आधी घट्ट मार, मग निऱ्या घाल. काष्टा मागे ओढून खोचलास की एकदा खाली बसून ऊठ. तेव्हाच सैल वाटला तर सोडून परत नेस.