बातमीतला लोहखनिजाचा भाव आणि गोव्यातल्या लिलावाची बोली यांत एवढी तफावत का?

डिचोली_कॉमर्स: बातम्यांत लोहखनिज 100 डॉलर टन असं येतं. डिचोली-सांखळीकडच्या साठ्यांच्या ई-लिलावात बोली त्याच्या जवळपासही जात नाही. हा आकडा ठरवतं कोण, आणि आपल्या मालाला तो लावायचा कसा?

वास्को_शिपिंग: तो बहुतेक वेळा प्लॅट्स या मालाचे भाव जाहीर करणाऱ्या कंपनीचा असतो. वॉरन प्लॅट यांनी 1909 मध्ये क्लीव्हलँडला तेलधंद्याचं मासिक सुरू केलं, त्यातून ही कंपनी उभी राहिली. 1953 मध्ये मॅकग्रॉ-हिलने घेतली, आज ती एसअँडपी ग्लोबलमध्ये आहे. लोहखनिजाचा 'आयोडेक्स' हा तिचा रोजचा भाव 2008 चा. तोवर वाले, रिओ टिंटो, बीएचपी या खाण कंपन्या पोलाद कारखान्यांशी वर्षभराचा एकच भाव ठरवत. 2010 मध्ये ती पद्धत मोडली आणि करार रोजच्या भावाला बांधले गेले.

हा एक्सचेंजवरचा भाव नव्हे, हे आधी लक्षात घ्या. वार्ताहर सौदे, बोली, ऑफर गोळा करतात आणि वेगवेगळ्या प्रतीचा माल एका ठरावीक प्रतीवर आणून मोजतात. वर्षानुवर्षे ती प्रत 62 टक्के लोहाची, चीनच्या बंदरात पोचता (म्हणजे जहाजभाडं धरून), कोरड्या टनाला (ओलावा वगळून) अशी होती.

बार्जवाला_मांडवी: तफावत इथेच आहे. आपला बराचसा माल 58 च्या खालचा, म्हणून 62 चा भाव प्रमाणात कमी करून चालत नाही; स्वस्त प्रतीवरची सूट बाजारागणिक बदलते. 58 टक्क्यांचं वेगळं मूल्यांकन येतं, तिथून सुरुवात करा.

समजा तो भाव 80 डॉलर. माल 57 चा, म्हणजे 80 × 57 ÷ 58 = 78.62. ओलावा 10 टक्के, तर ओल्या टनाला 70.76. जहाजभाडं ओल्या टनावरच लागतं. ते 15 धरलं तर मुरगावला जहाजावर चढवलेला माल 55.76 पडतो. त्यातून ट्रक, जेटी, बार्ज, लोडिंग वजा करा. ॲल्युमिना, सिलिका ही अशुद्धी जास्त असेल तर कपात आणखी. बोली यानंतर जे उरेल त्यावर लागते.

डिचोली_कॉमर्स: आणि निर्यात शुल्क?

बार्जवाला_मांडवी: 19 नोव्हेंबर 2022 पासून 58 च्या खालच्या मालावर शून्य, वर 30 टक्के. म्हणून 58 च्या काठावरच्या साठ्याची प्रत लिलावाआधी स्वतंत्र प्रयोगशाळेतून तपासून घ्या, आणि नमुना ढिगाच्या माथ्यावरूनच नव्हे, आतूनही काढायला लावा. पावसात भिजलेल्या ढिगाचा ओलावा वरच्या थरापेक्षा आत जास्त निघू शकतो.