मुंबई-दुबई: जाताना पावणेदोन तास अन् येताना साडेचार?

यावलकर: राम राम मंडळी. पोरगी दुबईला असते, तिच्या बाळंतपणाला आम्ही दोघं जळगावकडून निघालोय. विमानात पहिल्यांदाच बसणार. तिकिटावर जायची वेळ मुंबईहून पहाटे ४.३०, दुबईला ६.१५. येताना रात्री १० ला सुटून मुंबईत २.३५. जावईबापू म्हणतात, तीन तास लागतात. मग हा हिशेब कसा बसतो? अन् अंतर किती?

तापीकाठ: काका, दोन्ही वेळा त्या त्या गावच्या घड्याळाच्या असतात. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे. जाताना दीड तास मिळवा, येताना वजा करा.

भुसावळचा गार्ड (निवृत्त): बरोबर. म्हणजे जाताना सव्वातीन, येताना तीन तास पाच मिनिटं. सरळ रेषेत अंतर साधारण १,९३० किलोमीटर, जवळपास सगळं अरबी समुद्रावरून. येताना दहा मिनिटं वाचतात ती वाऱ्यामुळे. वर पश्चिमेकडून पूर्वेला वारं वाहतं, ते येताना पाठीशी अन् जाताना तोंडावर. थंडीत त्याचा जोर जास्त.

आणि सव्वातीन तास म्हणजे सगळा वेळ हवेत नाही. विमान जागेवरून हललं की मोजणी सुरू, तिकडे जागेवर थांबलं की बंद. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच चालते. मग आउटर सिग्नलला गाडी उभी राहते तसं विमान रांगेत उभं राहतं. घाबरू नका.

खरी धास्ती अलीकडच्या प्रवासाची. जळगाव ते मुंबई रेल्वेने ४२० किलोमीटर, म्हणजे दुबईच्या पाव अंतरालाही नाही, पण गाडी सहा-सात तास घेते. तुम्हाला रात्री दीडपर्यंत विमानतळावर पोहोचायचंय. संध्याकाळच्या गाडीच्या भरवशावर राहू नका, इगतपुरीला रखडली की संपलं. सकाळचीच धरा. सीएसएमटीपर्यंत जाऊ नका, ठाण्याला उतरून टॅक्सी करा. तारीखही नीट बघा हो. पहाटे ४.३० म्हणजे आदल्या दिवशीच घर सोडायचं. शिकलेली माणसंसुद्धा इथं चुकतात.

रावेरची सून: काका, बाळंतिणीसाठी डिंकाचे लाडू नेत असाल तर त्यात खसखस नको! तिकडे खसखशीला बंदी आहे, अमली पदार्थात धरतात. सामानात सापडली तर पोलीस केस होते. कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ न्या, पण मोठ्या बॅगेत. लोणच्याचं तेल गळतं, दोन पिशव्यांत बांधा. हातातल्या बॅगेत तर लोणचं ठेवूच नका, तपासणीत काढून घेतात.

यावलकर: हिशेब समजला, गार्डसाहेब. सकाळची गाडी बघतो. पण ताई, घरात विचारलं तर मंडळी म्हणते, लाडू कालच बांधून झाले, खसखस घालून. डबा भरून आहेत.

भुसावळचा गार्ड (निवृत्त): भुसावळवरूनच जाणार ना? डबा प्लॅटफॉर्मवर घेऊन या.