मदत हवी आहे: आयताचा कर्ण सममिती अक्ष का नाही, हे लेकीला कसं समजावू?

नमस्कार मंडळी,

लेक सहावीत आहे. गेले तीन दिवस आम्ही दोघी एकाच प्रश्नावर अडलोय. चौरसाचे चार अक्ष (म्हणजे ज्या रेषेवर घडी घातली की दोन्ही भाग तंतोतंत जुळतात ती रेषा), समभुज त्रिकोणाचे तीन, वर्तुळाचे अगणित, हे ती बिनचूक सांगते. आयताचे मात्र दोन नाही, चारच म्हणते. कारण विचारलं तर तिने वहीचं पान कर्णावर कापलं आणि दोन्ही त्रिकोण एकमेकांवर ठेवून दाखवले. कडेला कड, कोपऱ्याला कोपरा! मला उत्तरच सुचेना. मग दुसऱ्या पानाची कर्णावर घडी घातली, तर कोपरे बाहेर डोकावले. "कापल्यावर जुळतात आणि घडी घातल्यावर नाही, असं कसं?" हा तिचा प्रश्न.

त्यात काल शंकरपाळे कापताना तिने प्रत्येकाला दोन अक्ष देऊन टाकले. समांतरभुज चौकोनाला एकही अक्ष नसतो म्हटल्यावर रडकुंडीला आली. "पाठ करून टाक" असं मला तिला सांगायचं नाही. कसं समजावू?

प्रतिसाद

ताई, मुलीने फार नेमकी जागा पकडली आहे. त्रिकोण जुळवताना तिचा हात काय करतो ते बघा. ती तो टेबलावरच अर्धा फेरा फिरवते, पालथा करत नाही. घडी घालताना मात्र कागद पालथा होतो, आणि अक्षाची अट तीच आहे. पानाची एक बाजू पेन्सिलने गिरवून मग कापा. गिरवलेली बाजू दोन्हींची वर असेल तरच ते जुळतील. एक पालथा केला की कितीही फिरवा, जुळणार नाही. चौरसाचे त्रिकोण समद्विभुज असतात, म्हणून तिथे दोन्ही प्रकारे जमतं.

रांगोळीतलं स्वस्तिकही दाखवा. पाव फेरा फिरवलं तरी तसंच दिसतं, पण अक्ष एकही नाही. आरशात त्याच्या भुजा उलट्या वळतात.

शंकरपाळ्यांत ती निम्मी बरोबर आहे. कातण्याने तिरक्या पट्ट्या दोन्हीकडून सारख्या रुंद कापल्या तर समभुज चौकोन होतो आणि त्याचे दोन्ही कर्ण अक्ष असतात. एकीकडची पट्टी रुंद झाली की एकही उरत नाही.

धागाकर्ती

आत्ताच करून बघितलं. तिने त्रिकोण पालथा केला, चारदा फिरवला आणि ओरडली, "आई, या दोन्ही डाव्या पायाच्याच चपला आहेत!" मनापासून आभार. आता शंकरपाळ्यांच्या डब्यातून समभुज चौकोन वेगळे काढणं चालू आहे.