पोहण्याच्या हौदात पडणाऱ्या भेकांना बाहेर पडायची वाट कशी करून द्यावी?

नमस्कार. आमचे घर सोलापूर शहराबाहेर होटगी रस्त्याला आहे. मागच्या अंगणात मुलांसाठी पोहण्याचा हौद बांधला असून आजूबाजूला तुरीची व ज्वारीची शेते आहेत. उन्हाळाभर जमिनीत दडून बसलेले भेक (खडबडीत कातडीचे, बहुतेक जमिनीवर राहणारे बेडूक) आणि इतर बेडूक मृगाच्या सरी पडल्या की बाहेर येतात, आणि आमच्या या कोरडवाहू भागात त्यांना सर्वांत जवळचे पाणी म्हणजे हा हौदच असल्याने रात्री ते त्यात उतरतात. सकाळी पाणी ओढून घेणाऱ्या तोंडाशी बसवलेल्या जाळीच्या टोपलीत त्यांतले काही मेलेले सापडतात आणि मन फार खट्टू होते.

आत येणे त्यांना सोपे आहे. अडचण आहे ती बाहेर पडण्याची. एका पहाटे बॅटरीच्या उजेडात पाहिले, तर एक मोठा भेक दोन फरश्यांमधल्या सांध्याला पुढचे पाय लावून लोंबकळत होता. गळा सारखा हलत होता, जोर केला की पाय गुळगुळीत फरशीवरून घसरत होते आणि काठाचा दगड पुढे आलेला असल्याने डोके तिथेच अडत होते. भेक बहुतेक काळ जमिनीवर राहणारा प्राणी असल्यामुळे त्याला तासन्‌तास पोहणे झेपत नाही. शिवाय बेडकांची कातडी पाणी शोषून घेते, त्यामुळे क्लोरीनही अंगात भिनते. मुले पोहतात म्हणून दहा लाख भागांत १ ते ३ भाग क्लोरीन ठेवावेच लागते, ते कमी करता येणार नाही. रात्री ताडपत्री घातली, तर कडेच्या फटीतून शिरलेला जीव खालीच अडकतो.

अमेरिकेत रिच मेसन या वन्यजीव अभ्यासकांनी काठावरून पाण्यात उतरणारा तरंगता उतार तयार केला आहे. तसा उतार घरी करायचा तर कशाचा करावा? काथ्याचा रंग पाण्यात उतरतो, जुनी सोलापुरी चादर भिजून बुडते. क्लोरीनच्या पाण्यात टिकेल आणि मुलांना टोचणार नाही असे काही कोणी वापरले आहे का? बाहेर काढलेल्या बेडकाला आधी धुवावे का?

प्रतिसाद:

ताई, आमच्या डाळिंबाच्या बागेतल्या शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर आहे, तिथेही हाच प्रश्न होता. शेडनेटची दुहेरी पट्टी काठावर दगडाखाली दाबावी आणि पाण्यातल्या टोकाला बूच घट्ट लावलेली रिकामी बाटली बांधावी, म्हणजे पाण्याची पातळी खालीवर झाली तरी ते टोक तरंगत राहते. शेडनेट कुजत नाही. वीण मात्र बारीक घ्या, नाहीतर पाय अडकतात. पाण्यात पडलेला बेडूक भिंतीच्या कडेकडेने पोहतो, म्हणून पट्टी भिंतीला लागूनच हवी. निदान दोन पट्ट्या समोरासमोर लावा, त्यांतली एक टोपलीच्या तोंडाजवळ.

हौदावरचा दिवा रात्री बंद ठेवा. पावसानंतर वाळवीची पाखरे दिव्यावर येतात आणि ती टिपायला भेक खाली जमतात. बाहेर काढलेल्या बेडकाला ओल्या हाताने धरून विहिरीच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याने धुवावे आणि जवळच ओलसर सावलीत सोडावे. भेकाच्या डोळ्यांमागच्या ग्रंथींत विष असते, तेव्हा हात धुतल्याशिवाय मुलांना डोळे चोळू देऊ नका.